सतराच्या पाढ्यामागची खडखड

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हल्ली शोकेसमध्ये फुलदाणीशेजारी बसून असतो. पाहुणे कौतुकाने विचारतात, "अरे वा, चालतो का हो अजून?" आणि उत्तर न ऐकताच चहाकडे वळतात.

कारखान्यातून मी या घरी आलो, तेव्हा माझा थाट काही और होता. घरातले बाबा शिंपी. एकाच खोलीत शिवणकाम, तिथेच जेवण. धूळ बसू नये म्हणून त्यांनी उरलेल्या मखमलीचं झाकण मला शिवलं. पण आई "तुम्हीपण दोन शब्द बोला की," म्हणाली, तर हसून म्हणायचे, "माझा काय आवाज भरायचा? पोरीचा भर." मग मुलगी माझ्यासमोर मांडी घालून सतराचा पाढा म्हणायची आणि मागे बाबांचं पायमशीन खडखडत राहायचं.

पुढे बाबा गेले. मशीन विकलं. मुलगी नोकरीला लागली. मला कुणी विचारेना, फक्त आई अधूनमधून तीच पाढ्याची कॅसेट लावून बसायची. मुलीला वाटायचं, आई आपलं बालपण ऐकतेय.

एके दिवशी तिने हौसेने तो पाढा मोबाइलमध्ये उतरवला. मागचे आवाज पुसून काढले, मोबाइलमधली आधीची प्रत खोडली आणि कॅसेट केराच्या गाडीत टाकली. मोबाइल आईच्या हातात देत म्हणाली, "ऐक! खडखड सगळी गेली बघ."

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाली, "मशीन कुठे गेलं गं?"

"कुठलं मशीन?"

"ह्यांचं. तू सतरा सत्तेला अडायचीस ना, तेव्हा ते पाय थांबवायचे. तुला आठवलं की परत सुरू. तेवढंच तर उरलं होतं त्यांचं."

मुलीने मोबाइल घेऊन पाढा पुन्हा लावला आणि कानाशी धरला. आणि मी? रिकाम्या पोटाने नुसता बघत राहिलो. फार वाईट वाटलं मला.

मित्रांनो, आमच्या पोटातले आवाज नव्या यंत्रांत खुशाल भरा. पण काही पुसण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. तुम्हाला नकोशी वाटणारी खडखड कुणाचा तरी जीव की प्राण असते.

आई आता मोबाइलवर पाढा ऐकते. ऐकताना तिचा पाय जमिनीवर हलत असतो. सतरा सत्तेला तो थांबतो. शेजारी बसलेली मुलगी तेव्हा श्वास रोखून त्या पायाकडे बघत राहते.