उजळलेले दात

"दागिने उजळणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नगंस," असं शेजारच्या आक्का म्हणाल्या, तेव्हा मीनाक्षी हसली होती. बी.ए. झालेली बाई ती; तिच्या डोळ्यांदेखत कोण सोनं उतरवून नेणार? दागिने उजळणारा ज्ञानू मंगळवार पेठेत आला, की ती आपल्या तीन वर्षांच्या चिमीला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर ठाण मांडायची. काम झालं की पाटल्या हातात तोलून बघायची. सोनं कधी गुंजभरही कमी झालं नाही.

पण अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर तिच्या नणंदेचं, प्रमोदिनीचं, काहीतरी बिनसलं. गडहिंग्लजचं स्थळ सांगून आलं होतं. मंडळी बघून गेली, आणि जाता जाता मुलाची आई बोलली, की मुलगी छान आहे, दात तेवढे पिवळट वाटतात. पुन्हा एकदा येऊन जाऊ. तेव्हापासून ज्ञानूची हाक ऐकू आली, की प्रमोदिनी हळूच मागच्या दाराशी जायची. मीनाक्षीच्या मनात नको नको ते आलं. नवऱ्याच्या कानावर घालावं, तर उगाच पोरीचं नाव खराब व्हायचं. ती स्वतःच पाळत ठेवू लागली.

दिसलं ते भलतंच. प्रमोदिनी चहा पार निवल्याशिवाय तोंडाला लावेना. माठातलं पाणी नको म्हणायची. उसाचं सोललेलं कांडं तिनं मुकाट चिमीच्या हातात दिलं. दात मात्र पांढरे होत चालले होते, खडूसारखे, तकाकी नसलेले. दात दुखतात का, म्हणून विचारलं, तर उलट टोमणा मिळाला, की वहिनींना सगळीकडे काहीतरी दिसतंच.

एका दुपारी घर फार शांत वाटलं. चिमीचा आवाज नव्हता. मीनाक्षी धावतच मागच्या पडवीत गेली. पोर उकिडवी बसली होती. पुढ्यात बूच काढलेली बाटली, हातात कापूस गुंडाळलेली काडी.

"आत्यासारखं करते," असं म्हणून तिनं आ वासला.

काडी ओठाला लागायच्या आत मीनाक्षीनं हिसकावली आणि बाटली उचलली. वास ओळखीचा होता. ज्ञानू चांदीचे पैंजण ज्यात बुडवायचा, तेच ॲसिड.

प्रमोदिनी दारात येऊन उभी राहिली होती. "ओतू नका, वहिनी. ज्ञानूकडनं विकत घेतलंय. परवा ती माणसं यायचीत. लावलं नाही तर चार दिवसांत पुन्हा पिवळे दिसतात."

"अगं, हे चांदीला लावतात."

"मग? चांदी कशी पांढरी होते, बघितलीत की तुम्ही."

त्याच संध्याकाळी मीनाक्षीनं तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरसा घालून बराच वेळ बघितलं. दातांवरचं कवच ॲसिडनं खाल्लंय, ते पुन्हा येत नाही, म्हणाले. आजपासून लावायचं थांबवलं तर उरलंय तेवढं राहील. परतताना प्रमोदिनीनं पदर तोंडाशी धरला होता. गडहिंग्लजला मीनाक्षीनंच कळवलं, की मुलीचे दात पिवळेच आहेत, तशी चालणार असेल तर या. अजून कोणी आलेलं नाही.

ज्ञानूनं ही गल्ली सोडली, पण धंदा सोडलेला नाही. तुमच्या घरात दाखवायची मुलगी असेल, तर तिला खिडकीशी उजेडात न्या आणि तोंड उघडायला सांगा. काही झालं नाही म्हणाली, तरी बघा.