अकरा वर्षांच्या पाट्या

पाणीपुरवठा ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा मी साहेबांना म्हटलं, "मेकॅनिकला बोलवू या." त्यांना ते लागलं. "यात काय एवढं? माझ्या डाव्या हाताचा मळ आहे!" म्हणत त्यांनी जुन्याच्या स्क्रीनवरचे सगळे आयकॉन पेन ड्राइव्हवर घेतले आणि नव्यावर टाकले. पाइपगळतीच्या तक्रारींचे माझे अकरा वर्षांचे मासिक अहवाल ओळीनं दिसायला लागले. साहेबांनी स्वतःचीच पाठ थोपटली आणि जुना कॉम्प्युटर त्याच दिवशी भंगारात दिला.

दुसऱ्या दिवशी मी एक अहवाल उघडायला गेले, तर उघडेना. एकही उघडेना. साहेबांनी आणले होते नुसते शॉर्टकट, म्हणजे दारावरच्या पाट्या. खोल्या भंगारात गेल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. "हेड ऑफिस कधीही मागेल, तयार ठेवा" हे ऐकत अकरा वर्षं मी त्या अहवालांपायी मान मोडून बसले होते!

घरी नवरा म्हणाला, "अगं, सांगून टाक की त्यांना."

"मी कशाला सांगू? हेड ऑफिस मागेल ना, तेव्हा बसतील बोंबलत."

आठ महिने झाले, मी वाट बघतेय. कुणीही काहीही मागितलेलं नाही.

परवा मी या महिन्याच्या नावाची एक कोरी फाइल केली आणि रांगेत शेवटी ठेवली. साहेबांनी लांबूनच स्क्रीनकडे पाहिलं.

"वा बाई! तुमचं काम म्हणजे अगदी चोख."