अठ्ठावन्न किलोची बाई

काटेबाईंना नवऱ्याने वाढदिवसाला शॉकअप दिला, याचं त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना भारी कौतुक. बायकोला सेंटची बाटली देणारे नवरे ढिगाने सापडतात; मोटारसायकलच्या मागच्या चाकाचे दणके झेलणारा महागडा शॉकअप देणारा एखादाच. बाईंनी स्वतःच ही बातमी टेबलाटेबलावर जाऊन सांगितली होती, आणि आता तेच त्यांना जास्त झोंबत होतं.

बाई वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे आणि काटा मारणाऱ्याला जागच्या जागी धरायचं, हे त्यांचं काम. म्हणून नाव काटेबाई. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत तपासणीची लोखंडी वजनं असत, आणि रस्ते होते ते असे की त्यांना रस्ते म्हणणं हा रस्त्यांचा अपमान. जुना शॉकअप थकला, गाडीची मागची बाजू बसली आणि बाईंची कंबर धरली. साहेबांनी गोड शब्दांत सुचवलं होतं, "फिरती झेपत नसेल तर टेबल घ्या. महिनाअखेर कळवा." टेबल म्हणजे दुसऱ्यांनी पकडलेल्या लबाड्यांवर दिवसभर शिक्के मारणं. नुसत्या विचाराने बाईंचा जीव गुदमरायचा. नवा शॉकअप हीच काय ती आशा होती.

तो गाडीला बसवला आणि कंबर दुप्पट दुखायला लागली. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं बूड खाडकन आपटायचं, आणि तो दणका थेट बाईंच्या मानेपर्यंत जायचा.

"वय झालं आता," नवरा म्हणाला. "घेऊन टाक टेबल. पंख्याखाली बसून तोच पगार मिळतोय."

तीन आठवडे कळ काढल्यावर बाईंनी त्याला सोबत घेऊन गॅरेज गाठलं. "मी कशाला?" तो म्हणत होता.

"भेट तुमची, तक्रारही तुम्हीच करा."

मिस्त्री भला माणूस. "मागची उंची वाढवून बघू," म्हणत त्याने स्प्रिंगवरची चकती पिळत नेली. मागची बाजू उचलली गेली. पेट्या वजनांनी भरलेल्याच होत्या. बाई गाडीवर बसल्या, आणि उचललेली बाजू भसकन खाली गेली. मिस्त्रीने चाकाच्या मधल्या नटापासून सीटपर्यंत टेप लावला, पुन्हा लावला आणि मान हलवली.

"उंची वाढवून भागायचं नाही, मॅडम. चकती पार टोकाला गेली. स्प्रिंगच नरम आहे."

"मग नरम कशाला मागवलीत?"

"मी कशाला मागवू? चालवणाऱ्याचं वजन कळवावं लागतं, त्यावरून कंपनीवाले स्प्रिंग घालून पाठवतात. या साहेबांनी अठ्ठावन्न सांगितलं, मी अठ्ठावन्न कळवलं."

बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना एकदम भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीत गोडी वाटू लागली. नवरा स्वतःच्या चपला न्याहाळू लागला.

"अठ्ठावन्न?" बाई म्हणाल्या. "आणि पेट्यांतलं वजन काय सांगितलं होतं यांनी?"

"वीस."

"ते मात्र बरोबर!"

बाईंचं टाळकं सटकलं. लोखंडाचं वजन चोख, आणि बायकोच्या वजनात काटा! दुकानदार मारून मारून किती मारतात? शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम. या माणसाने अख्खा एक शाळकरी पोरगा गायब केला होता!

"अगं, मला कुठे नक्की माहीत होतं?" नवरा पुटपुटला. "लग्नात होतीस तेवढी धरली. माझ्या डोळ्यांपुढे तू तशीच आहेस."

बाईंचा राग नाही म्हटलं तरी जरा उतरला. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे ज्याला अजून ठाऊक नाही, त्याला बायकोचं वजन कुठून ठाऊक असणार? वेंधळा आहे झालं. त्यांना क्षणभर लाजल्यासारखंही झालं, या वयात आणि या गॅरेजात.

मिस्त्रीने स्प्रिंग बदलून मागवायला फोन लावला. त्याचे हात ग्रीसने माखलेले. त्याने फोन नवऱ्याच्या हातात दिला. "तुम्हीच बोला साहेब. मागणी तुमच्या नावावर आहे. या खेपेला बरोबर सांगा, पुन्हा बदलून देणार नाहीत."

नवरा फोन घेऊन पार शटरपाशी गेला, पाठ फिरवली, तोंडावर आडवा हात धरला. पलीकडच्या माणसाला काही ऐकू जाईना.

"ब्याऐंशी नाही हो," शेवटी तो वैतागून म्हणाला, "साडेब्याऐंशी! जाकीट, हेल्मेट वेगळं!"

बाईंनी हा आकडा आजवर कुणालाही सांगितला नव्हता. न्हाणीघरातल्या काट्यावर त्या दार लावून उभ्या राहत.

कुणी हसलं नाही. जाहिरात वाचणाऱ्यांपैकी एकाने जांभई दिली. नवरा फोन ठेवून वळला, तर बाई समोर उभ्या.

"माहीत होतं तुम्हाला."

"अगं, ही दोघं त्या दिवशीही इथेच बसली होती. चारचौघांत कसं सांगायचं..."

"अर्ध्या किलोसकट माहीत होतं! आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी माझ्या कंबरेला शेक देत होता तुम्ही. मी कण्हत होते, तुम्ही पिशवीतलं पाणी बदलत होता. तेव्हाही तोंड उघडलं नाही?"

"वाटलं, होईल बरं."

"नाही झालं तर टेबल होतंच! माझं काम गेलं असतं तरी चाललं असतं, पण या दोन अनोळखी माणसांना माझं वजन कळता कामा नये!"

बाई मिस्त्रीकडे वळल्या.

"स्प्रिंग आली की मला फोन करा. मी येऊन बसेन, मग उंची लावा. यांना काही विचारायचं नाही."