तो नट घट्टच होता

मित्रांनो, माझ्या झाकणावर धूळ साचली आहे म्हणून मला मुका समजू नका. मी एक जुना लॅपटॉप आहे. जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं ते ताईनं.

ताई टायरच्या दुकानात काम करायची आणि तिला मोटार शर्यतींचं भारी वेड. सुट्टी आली की ती मला पाठपिशवीत घालून मैदानावर न्यायची. चालकांना, मेकॅनिकांना विचारून विचारून भंडावून सोडायची आणि मग माझ्यावर आपला ब्लॉग लिहायची. तिचा धाकटा भाऊही माझ्यावरच लिहायचा. तो टीव्हीसमोरून हलत नसे, पण त्याच्या लेखणीला अशी धार, की वाचणारा हसून बेजार व्हायचा. ताईची बोटं अडखळत चालायची, धाकट्याची धावत सुटायची. दोघांचंही मला कौतुक होतं.

एका क्रीडा मासिकानं अशा ब्लॉगांची तुलना छापली. धाकटा पहिला आला. ताईबद्दल एवढंच होतं, की लिहिते अचूक, पण उशिरा. ताईनं भावाची पाठ थोपटली, मात्र त्या दिवशी मला उघडलं नाही.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी ताई तापानं घरीच होती. वळणावर एका गाडीचं चाक निखळलं, गाडी भिंतीवर आदळली आणि चालकाचा पाय मोडला. रुग्णवाहिका पोचली नव्हती, तोवर धाकट्याचा लेख तयार होता: मेकॅनिकनं चाकाचा नट आवळलाच नाही.

ताईनं विचारलं, "तू पाहिलंस?"

"सगळे तेच म्हणतायत. तुझी चौकशी संपेपर्यंत लोक ही शर्यतच विसरतील."

आणि त्यानं माझी कळ दाबली.

लेख वाऱ्यासारखा पसरला. संघमालकानं मेकॅनिकला कामावरून काढलं. त्याच्या मुलीला शाळेत पोरं 'ढिला नट' म्हणून चिडवू लागली. ती शाळेत जाईना.

बरं वाटल्यावर ताई त्याच्या घरी गेली. मी पिशवीत होतो. मेकॅनिक दारातच उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "तुमच्याच घरात लिहिलं ना ते? मग आता मला काय विचारता?" ताई मान खाली घालून परतली.

पुढे तपासणीत निघालं, की नट घट्टच होता. चाकाचा आस आतून तडकला होता. ताईनं ते लिहिलं, मोजक्यांनी वाचलं. धाकट्यानं आपल्या लेखात गुपचूप एक 'बहुधा' घुसडलं आणि हात झटकले.

तेव्हा ताईनं शर्यतींवरचे ब्लॉग शेजारी शेजारी ठेवून स्वतःच तुलना लिहिली. कोण मैदानावर जातं, कोण दुसऱ्याचं उचलतं, कोण चूक उघड कबूल करतं, हे तिनं पुराव्यानिशी मांडलं. धाकटा आपला भाऊ आहे, हेही लपवलं नाही. भाषेत तिनं त्याला सगळ्यांच्या वर ठेवलं आणि भरवशात सगळ्यांच्या खाली. स्वतःबद्दल लिहिलं, की खरं असूनही कुणाला वाचावंसं वाटेल, असं मला लिहिता येत नाही.

धाकट्यानं अबोला धरला. दोघांचंही लिहिणं थांबलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

एका दुपारी धाकट्यानं मला खाली काढलं. ताईचा लेख त्यानं तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचला. मग आपल्या ब्लॉगच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मी पाहिलं नव्हतं. नट घट्टच होता. चूक माझी.' त्यात एकही विनोद नव्हता.

ताई घरी आल्यावर त्यानं विचारलं, "आता त्या मेकॅनिकला परत घेतील ना?"

"त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवलाय," ताई म्हणाली.

मित्रांनो, माझी कळ दाबायला फारसा जोर लागत नाही. म्हणून दाबण्याआधी बोट जरा उचलून धरा आणि स्वतःला विचारा, हे मी पाहिलंय का? मेकॅनिकची मुलगी आता दुसऱ्या शाळेत जाते. वडील काय काम करायचे, हे ती तिथे कुणालाच सांगत नाही.