माझं पेट्रोल कोणी काढलं

मी पेट्रोलची टाकी बोलतेय. एका जुन्या मॉरिस मोटारीच्या डिकीखाली असते मी. तुम्ही गाडीचा रंग बघता, दिवे बघता, सीटवर हात फिरवता. वाकून माझ्याकडे कोण बघतंय? माझ्याबद्दल लोक एकच वाक्य बोलतात, "टाकी गंजली." जणू गंजणं ही माझीच खोड. म्हणून आज खरं काय झालं ते सांगते.

गाडी डोंबिवलीच्या एका डॉक्टरांची. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मला ते कधी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नसत. त्यांची मुलगी सुमती याच गाडीवर शिकली. क्लच सोडताना ती असा गचका द्यायची की पेट्रोल माझ्या भिंतींवर आपटायचं. भाऊ म्हणायचे, "अगं, पाय हळू उचल. रस्ता कुठे पळून जात नाहीये."

भाऊ गेले आणि चौऱ्याऐंशी साली गाडी सुमतीकडे ठाण्याला आली, वर्तकनगरला. तिचे यजमान त्र्यंबकराव कंपनीत साहेब. त्यांनी गाडी शिकून बघितली, फाटकाच्या खांबाला घासली, आणि तो विषय बंद केला. मग सुमती चालवायची आणि ते शेजारी बसायचे. एकदा नाक्यावर त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी हाक मारली, "काय त्र्यंबकराव, ड्रायव्हर झकास मिळालाय."

सुमती हसली. ते हसले नाहीत.

पुढच्या रविवारी सुमती मुलीला, नीलाला घेऊन एका बारशाला गेलेली. त्र्यंबकराव रबरी नळी आणि डबा घेऊन खाली आले. नळी तोंडाने ओढताना पेट्रोल घशात गेलं, तरी थुंकत, खोकत त्यांनी मला रिकामं केलं. बॅटरीही काढून नेली. संध्याकाळी बायकोला सांगितलं, "अगं, इंजिन गेलं. मेकॅनिकला दाखवलं. याचे पार्ट आता मिळत नाहीत."

साफ खोटं. इंजिन ठणठणीत होतं. कोणी मेकॅनिक आला नव्हता.

तिने विश्वास ठेवला. दर दसऱ्याला येऊन गाडीला हार घालायची, फोटोला घालतात तसा. मला इतका संताप यायचा. भरलेली टाकी अशी गंजत नाही हो. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, भिंतींना पाणी सुटतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून कोणाला दिसत नाही. आठ वर्षं मी तशी खाल्ली जात होते आणि वर त्यांचं घर सुखात चाललं होतं.

मग त्र्यंबकरावांनी भंगारवाला बोलावला. त्याने मला दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "टाकी सडलीय." त्र्यंबकराव म्हणाले, "जुनी गाडी. गंज चढायचाच."

नीला तेव्हा मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागली होती. रविवार म्हणून घरी होती. तिने माझं झाकण उघडलं, तारेला फडकं गुंडाळून आत घातलं. फडकं कोरडं आणि लालभडक बाहेर आलं.

"बाबा, टाकी कोरडी आहे."

"उडून गेलं असेल इतक्या वर्षांत."

"तसं असतं तर तळाला चिकट थर राहिला असता. इथे नुसता गंज आहे. पेट्रोल कोणीतरी काढलंय."

ते भंगारवाल्याकडे बघत म्हणाले, "मीच काढलं. आगीची भीती होती."

सुमती जिन्यात उभी होती. "आणि इंजिन?"

"इंजिन..." त्र्यंबकराव म्हणाले, "दाखवलं नव्हतं कोणाला."

मला वाटलं, आता ही काहीतरी आपटेल. नाही. भंगारवाल्याला म्हणाली, "दादा, तुम्ही जा. गाडी माझी आहे," आणि वर जाऊन चहा टाकला. त्या क्षणी मला तिचाही राग आला. पण चहा पिऊन ती साडी खोचून, पाना घेऊन खाली आली आणि गाडीखाली सतरंजी पसरून माझे बोल्ट सोडवायला लागली. बोल्ट गंजलेले. एकेकाशी ती दात-ओठ खाऊन भांडत होती. जे नवऱ्याला बोलली नाही, ते त्या बोल्टांना बोलली.

मानपाड्याला आनंदा नावाच्या कारागिराचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. मायलेकींनी मला रिक्षात घालून तिथे नेलं. आधी गरम सोड्याच्या पाण्याने धुतलं. मग आत बारीक खडी आणि पाणी घालून दोघी मला दोन टोकांना धरून हलवत बसल्या. लाल पाणी निघतच होतं. सुमतीच्या हातांना फोड आले. आनंदा म्हणाला, "ताई, दुसरी टाकी बसवूया. हिच्यात जीव नाही."

"हीच बसवायची," ती म्हणाली. "हिचं काही चुकलेलं नाही."

असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

नीलाने पातळ अॅसिडने उरलेला गंज काढला, पुन्हा धुऊन मला उन्हात वाळवलं. आनंदाने भोकांवर कथलाचे डाग दिले. ते माझ्या अंगावर आजही दिसतात.

नवी बॅटरी, नव्या नळ्या आल्या. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं. सुमती डोंबिवलीला बहिणीकडे निघाली. नीला शेजारी बसली. त्र्यंबकराव इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि दाराशी घुटमळले. "मी येऊ?"

सुमतीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मागे बसा."

तिने त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. मी केलेलं नाही. आणि तुम्हालाही सांगते, आधी कोणाला आतून रिकामं करायचं आणि मग तो बिघडला म्हणून गावभर सांगायचं, हे करू नका.

ते अजून मागेच बसतात, बरोबर माझ्या पुढ्यात. मुंब्र्याच्या वळणावर सुमती गाडी जोरात वळवते आणि भरलेलं पेट्रोल त्यांच्या पाठीमागे धडकन आपटतं. दर वेळी ते दचकतात. मी मुद्दाम आवाज करते.