खालची मशीनं

संध्याकाळच्या पाळीची मंडळी हेडफोन लावून बसली होती आणि एकाही स्क्रीनवर गिऱ्हाइकाचं नाव उमटत नव्हतं. सगळीकडे एकच ओळ: सर्व्हर सापडत नाही. थोड्याच वेळात अमेरिकेचे फोन सुरू होणार होते. मागे एकदा आमची लाइन बंद पडली तेव्हाच क्लायंटने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कंपनीला देऊ.

गुडगावात तेव्हा रस्त्यांच्या आधी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर फोन घेणारी मंडळी आणि वर ट्रेनिंगची खोली. तिथली मशीनं नवी बॅच येईपर्यंत नुसती बसून असायची.

नेटवर्क माझ्याकडे होतं. केबल तपासल्या, हबचे दिवे पाहिले. एका मशीनवरून पिंग केलं, तर सर्व्हर लगेच ओ देत होता. म्हणजे तार शाबूत, दुखणं सॉफ्टवेअरचं. ते उघडून आवृत्तीचा आकडा पाहिला. ही नवी आवृत्ती होती. ती फक्त नव्या सर्व्हरशी बोलते, आणि नवा सर्व्हर अजून लागायचाच होता.

"ही कोणी टाकली?"

"मी, मॅडम," नरसिंह म्हणाला. "दुपारी. भाटियासरांनी सांगितलं होतं."

नरसिंह म्हणजे माझ्या वडिलांच्या पलटणीतल्या शंकरकाकांचा मुलगा. लातूरकडचा, माझ्या शब्दावर लागलेला, अजून कायम न झालेला. आमचे मॅनेजर भाटिया त्याच्या मागेच उभे होते.

"मैंने? झूठ बोलता है," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "गिरिजा, सर्व्हर बंद करो. पता नहीं इसने और क्या-क्या डाला है. और गार्ड को बुलाओ, इसका पास ले लो."

सर्व्हर बंद म्हणजे आजची पाळी गेली आणि कामही गेलं. जुनी आवृत्ती परत पाठवता आली असती, पण नरसिंहने आणखी काही हलवलं असेल तर तीही चालली नसती. सगळं एका प्रश्नाशी येऊन अडलं. पोरगा खरं बोलतोय का? भाटियांचा मला सणसणीत राग आला होता, पण रागाने स्क्रीन उजळत नाहीत.

"नरसिंह, सर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांग. मराठी करू नकोस."

मॅडम म्हणायचंही तो विसरला. "म्हणाले, पहले खाली मशीनों पे डालो. म्हणून मी खालीच टाकलं, ताई. वरच्यांना हातसुद्धा लावला नाही. दुसरं काहीच केलं नाही."

"बिल्कुल यही कहा था," भाटिया म्हणाले. "खाली मशीनों पे."

दोघं एकच शब्द एकमेकांच्या तोंडावर मारत होते आणि दोघंही खरे होते. मी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढले. गच्चीवर खेळताना आई 'खाली ये' म्हणायची ती जिना उतरायला, आणि शेजारची रिंकू डबा उलटा करून 'खाली है' म्हणायची तो रिकामा म्हणून. माझ्या डोक्यात दोन्ही अर्थांचे खण वेगळे आहेत. नरसिंहकडे एकच होता.

"सर, हमारी भाषा में खाली मतलब नीचे."

मी भाटियांच्या होकारासाठी थांबले नाही, जुनी आवृत्ती खालच्या सगळ्या मशीनांवर सोडली. मशीनं बंद झाली, काळी पडली, पुन्हा सुरू होऊ लागली. नरसिंह गार्डशेजारी उभा होता, पास गार्डच्या हातात. पहिली रांग उजळली, मग दुसरी. खिडकीजवळच्या सोनमच्या स्क्रीनवर नाव उमटलं आणि तेवढ्यात पहिला फोन वाजला.

मी भाटियांच्या केबिनमध्ये गेले. "सर, आपने उसको झूठा कहा. सबके सामने."

"अच्छा यार, हो गया ना. पास दे दो उसको." त्यांनी फोन उचलला. बोलणं संपलं.

नरसिंह जिन्यात बसला होता. नोकरी राहिली असं सांगून मी त्याला पास दिला. त्याचा चेहरा काही सैल पडला नाही.

"नोकरी गेली असती तर बाबा काही बोलले नसते, ताई. पण पोरगा खोटं बोलला, हे त्यांना सोसलं नसतं." त्याने पास मुठीत धरला. "सर काही म्हणाले का?"

"सॉरी म्हणाले," मी सांगितलं. "तुझ्यापर्यंत पोहोचवायला सांगितलंय."

त्याने डोळे पुसले, पास गळ्यात घातला आणि नवी आवृत्ती टाकायला तो वर गेला, रिकाम्या मशीनांवर. त्या दिवशी त्या ऑफिसात खोटं बोललेली मी एकटीच.