आधी राज्य सांगा

आमच्या हॉस्पिटलात पेशंटचा फोन उचलला की पहिला प्रश्न 'काय होतंय?' हा नसतो. 'कुठल्या राज्यातून बोलताय?' हा असतो. ही अक्कल ट्रेंटची. ट्रेंट आमचा नियमपालन अधिकारी. नाडी कुठे लागते ते त्याला ठाऊक नाही, पण मिसिसिपी नदीत राज्याची हद्द कुठून जाते ते झोपेतही सांगेल.

माझं नर्सिंगचं लायसन्स विस्कॉन्सिनचं. फोनवर सल्ला द्यायचा तर पेशंट असेल त्या राज्यात ते चालावं लागतं. एकमेकांची लायसन्सं मानायचा करार केलेल्या चाळीसेक राज्यांत ते चालतं. फ्लोरिडातल्या, जन्मात न पाहिलेल्या माणसाला मी खुशाल सल्ला देऊ शकते. खिडकीतून दिसणारा नदीचा पलीकडचा काठ मात्र मिनेसोटाचा, आणि मिनेसोटा करारात नाही. तिकडचं वेगळं लायसन्स काढून द्या म्हणून मी ट्रेंटच्या मागे लागले होते. "रोंडा, तिकडून तेवढे फोन येत नाहीत," म्हणाला. येतील कसे, आम्हीच ठेवून देतो ना.

तिकडची माणसंही शहाणी झाली होती. घरात बसून ठोकून द्यायची, "पुलाअलीकडे, गळाचे किडे विकतात त्या दुकानापाशी आहे." मागे गाय हंबरत असायची. मी म्हणायची, बरं, बोला.

आर्डिस टोलेफसनला हे जमणं शक्य नव्हतं. चर्चमध्ये जन्मभर मुलांना दहा आज्ञा शिकवलेली बाई. तिच्या नवऱ्याचं, हार्लनचं, हृदयाचं ऑपरेशन आमच्याकडेच झालेलं. तो घरी गेल्यावर आठवड्याच्या आतच एका दुपारी तिचा फोन आला.

"अगं रोंडा, हार्लनला जरा..."

"थांबा आर्डिस. आधी राज्य सांगा."

"हे काय आता? मिनेसोटा."

नेमका ट्रेंट त्या दिवशी शेजारी बसून फोन ऐकत होता. "नीट बघा," मी म्हटलं, "पुलाअलीकडच्या दुकानापाशी तर नाही ना तुम्ही?"

"नाही गं. स्वयंपाकघरात बटाटे सोलतेय."

ट्रेंटने कागदावर बोट ठेवलं. मी ठरलेलं वाक्य वाचलं: तातडीचं असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा, नाहीतर आपल्या राज्यातल्या नर्सशी बोला.

"तातडीचं आहे का, तेच तर तुला विचारायचं होतं," ती म्हणाली. "बरं. येते तिकडे."

तिला थांबवायला मी उलटा फोन लावायला गेले. "तो सल्ला धरला जाईल," ट्रेंट म्हणाला. मेल्याकडे न बघता लावला, पण घरचा फोन नुसता वाजत राहिला; तोवर ती निघाली होती.

अर्ध्या तासाने दुकानातून तिचा फोन आला. "आता त्या दुकानापाशी आहे. खरंच आहे. आता विचारू? पुलावर त्याला फार धाप लागली होती. आता धाप नाहीये, पण तो बोलतही नाहीये."

ॲम्ब्युलन्स मी पाठवली. तिचा काही उपयोग झाला नाही.

सोमवारच्या बैठकीत ट्रेंटने दोन्ही फोन सगळ्यांना ऐकवले. स्थळाची खातरी कशी करावी याचा नमुना म्हणे. त्याने टाळ्या वाजवल्या आणि चार गाढवांनी साथ दिली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. आर्डिस स्वतः माझा कप घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "माझ्यामुळे तुझ्या नोकरीवर काही आलं नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "कौतुक झालं."